साहेबांचं कुंपण

६ फेब्रुवारी

मायना कोरा ठेवला आहे, राग मानू नकोस. 'चि.' लिहावं तर तू म्हणशील, हे कधीपासून? 'प्रिय' लिहावं तर आमच्या नाटकांत ज्याच्या पत्राची सुरुवात 'प्रिय'नं होते तो माणूस तिसऱ्या अंकापर्यंत टिकत नाही. तेव्हा विंगेतून आल्यासारखा गुपचूपच शिरतो.

साहेब खुशाल आहेत. म्हणजे आज आहेत. गेल्या आठवड्याचं विचारू नकोस असं म्हणणार होतो, पण तू विचारणारच.

त्या दिवशी तू टेबलावर बुटांचं खोकं ठेवलंस, झाकण उचलून आतले साहेब, म्हणजे तुझा रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा, दाखवलास आणि म्हणालीस, "काका, याचा पिंजरा माझ्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीत ठोकलेला होता, तो तिथेच राहिला. तुम्ही काहीतरी सोय करा. डोंगरावर घर मिळालं की कुणाला तरी पाठवीन न्यायला." मग हवामान केंद्राच्या गाडीत बसून तू गेलीस. तुझा तो 'कुणाला तरी' हा शब्द मात्र इथेच राहिला आहे. सकाळी चहा टाकायला गेलो की स्वयंपाकघरात भेटतो.

सोय करायची म्हणून मी तुझ्या आईचं कपबशांचं कपाट रिकामं केलं. काचेची दारं, आत आडवी फळी, वरून दिवा सोडायला जागा. कपबशा कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या आहेत, एकही फुटलेली नाही. एक फांदी आणून तिरकी बसवली, दिवा लावला, साहेबांना आत नेऊन बसवलं आणि स्वतःवर खूश होऊन प्रयोगाला गेलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर साहेब काळे. तव्याच्या बुडासारखे काळे. कोपऱ्यात काचेला तोंड लावून, अंग फुगवून, जबडा उघडून बसलेले. मला वाटलं, माझं थोबाड पसंत पडलेलं नाही. मी समोरून हटलो, तरी तेच. दुपारपर्यंत तेच. मग मी गुडघे टेकून त्यांच्या उंचीवरून पाहिलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आत दिवा, बाहेर खिडक्या बंद, खोलीत अंधार. आतून त्या काचेचा आरसा झालेला. साहेबांसमोर दुसरे साहेब उभे. हे फुगले की तेही फुगायचे. हे काळे झाले की तेही काळे. बिचारे रात्रभर स्वतःशीच भांडत होते.

आयुष्य दिवे लावण्यात गेलं माझं. कुठून उजेड टाकला की काय दिसतं आणि काय लपतं, याचाच पगार घेतो. म्हणून तर सगळं थिएटर मला उजेडकाका म्हणतं. आणि दिव्याखालचा अंधार निघाला तो माझ्याच घरात. मॅनेजरला सांगितलं तर तो नेहमीचंच म्हणाला, "काय उजेड पाडलात!"

सध्या साहेबांचा मुक्काम पडद्याच्या दांडीवर आहे. रंग परत आला आहे. तिथून एक डोळा माझ्यावर असतो आणि एक दारावर. दारात कोण येईल असं त्यांना वाटतं, मला माहीत नाही.

काय करायचं, काय नाही, ते सविस्तर कळव.

तुझ्या आईचा नवरा

ता. क. घर मिळालं का? घाई काही नाही.


२० फेब्रुवारी

मायना याही वेळी कोराच.

तुझी चिठ्ठी पोचली. मी सविस्तर मागितलं आणि तू दिलंस. काचेत ठेवू नका. पाणी वाटीत देऊ नका. सारखं हातात घेऊ नका. खाली जमिनीलगत ठेवू नका. रात्री दिवा ठेवू नका. चिठ्ठी कसली, नुसता 'नका'शा होता. पण नकाशा चांगला होता, रस्ता सापडला.

आमच्या नेपथ्याच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी लाकडी पट्ट्यांची चौकट केली, माणसाच्या छातीएवढी उंच आणि रुंदीला बेताची, आणि चारी बाजूंनी बारीक जाळी ताणली. सगळं स्क्रूवर आहे. दौऱ्यावरच्या सेटसारखं सुटं होतं, पुन्हा जोडता येतं. ते उंच टेबलावर चढवलं, म्हणजे साहेबांची वरची फांदी माझ्या डोक्याच्याही वर जाते. माणसं खालून वर बघत असली की त्यांना बरं वाटतं, असं तू लिहिलं होतंस. मी म्हटलं, साहेब म्हटल्यावर ते आलंच.

मिस्त्री शेवटचा स्क्रू पिळताना म्हणाले, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत. आणि तुम्ही तर कुंपणच घरात आणून ठेवलंत. आता धावायचं कुठं त्यानं?"

मी म्हटलं, "तो धावत नाही हो. एक पाय उचलला की पुढचा टाकावा की नाही यावर विचार करतो."

"मग आमच्या नायकासारखाच," मिस्त्री म्हणाले.

आत आडव्या फांद्या बसवल्या आहेत, साहेबांच्या मुठीत मावतील अशा जाडीच्या. तळाला फरशी घातली आहे, पुसायला सोपी, मी रोज पुसतो. मनीप्लँटच्या दोन कुंड्या वर टांगल्या आहेत, वेल खाली सोडले आहेत. वर पाण्याची बाटली उलटी लावून बुडाला सुईनं भोक पाडलं आहे. थेंब पानावर पडतो, पानावरून दुसऱ्या पानावर, तिथं साहेब जीभ लावतात. वाटीतलं पाणी त्यांना पाणी वाटतच नाही. हलतं, चमकतं तेवढंच पाणी. हे मला फार पटलं. मलाही रंगमंचावर जे हलतं आणि चमकतं तेवढंच दिसतं.

दिव्यांचं मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. एक उबेचा दिवा, एक उन्हाची ट्यूब, आणि उबेच्या दिव्याला उजेड कमी-जास्त करायचा थिएटरातला जुना डिमर. सकाळी मी डिमर हळूहळू चढवतो. आधी जाळीची कड तांबूस होते, मग वरची पानं, मग खोली. शेजारच्या डब्यातले रातकिडे, म्हणजे साहेबांचं जेवण, रात्रभर गात असतात. उजेड चढेल तसे एकेक करून गप्प होतात. साहेब झोपेत फिके, जवळजवळ दुधी रंगाचे असतात. मग त्यांच्या पाठीवर हिरवा रंग वर येतो, पाण्याखालून काहीतरी वर यावं तसा. मी चहाचा कप हातात धरून बघत उभा राहतो, चहा गार होतो. इतक्या पहाटा केल्या मी रंगमंचावर, राजांच्या, प्रेमिकांच्या, फाशी जाणाऱ्यांच्या. कुणी त्या पहाटेला जागं झालं नव्हतं. सगळे आधीच जागे असायचे, मेकअप करून. हा पहिलाच प्राणी, जो मी केलेल्या सकाळीनं खरोखर उठतो.

कधीकधी त्या उजेडात वाटतं, आतल्या खोलीतून आता तुझ्या आईच्या शिलाई मशीनचा आवाज येईल. कपडेपट सांभाळणारी बाई ती, तिला सकाळीच टाके सुचायचे. येत नाही आवाज. पण येईल असं वाटण्यापुरती ती सकाळ टिकते.

तुला आठवतं, मी या घरात राहायला आलो तेव्हा तिनं तुला सांगून पाहिलं होतं, "अगं, मला 'ए आई' म्हणतेस, यांनाही अरे-तुरे कर की." तू तेव्हा शाळेत होतीस. वहीतून मान वर न करता म्हणालीस, "जीभ वळत नाही." मी म्हटलं, राहू दे, अहो-जाहो बरं असतं, माणसाला कडक इस्त्री केल्यासारखं वाटतं. तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

डोळ्यांत तेल घालून साहेबांवर लक्ष ठेवून आहे. काळजी नको.

उजेडकाका

ता. क. तुझी आई म्हणायची, माझं खरं पत्र ताज्या कलमापासून सुरू होतं. तर ऐक. घर पुढच्या महिन्यात मिळेल असं तू लिहिलं आहेस. चांगलं आहे. पण साहेब इथून गेले की तुला पत्र लिहायला माझ्याकडे निमित्त काय राहणार, हे मला कळत नाही. तुला माझ्याशी बांधून ठेवणारी एकच होती, ती गेली. आता हा एक हिरवा प्राणी आहे, आणि त्यालाही तू न्यायला पाठवणार. हे वाचून सोडून दे. उत्तर मागत नाही.


१२ मार्च

अगं, हे पत्र तातडीच्या टपालानं पाठवतो आहे. मायना शोधायला वेळ नाही.

घर मिळालं आणि महिनाअखेरीला सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर साहेबांना घेऊन जाईल, हे कळवणारं तुझं पत्र पोचलं. त्याच्या उत्तरात मी "सगळं ठीक, तयारी ठेवतो" असं लिहून पाकीट चिकटवलंही होतं. ते फाडलं. सगळं ठीक नाही.

साहेबांनी खाणं सोडलं आहे. वरच्या फांदीवरून न उतरणारा प्राणी, तो आता सारखा तळाशी. फरशीच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी खरवडतो, जाळीला नाक घासतो, वर चढतो, पुन्हा उतरतो. रंगही वेगळाच, गडद हिरव्यावर पिवळे आणि निळे ठिपके उमटले आहेत, कुणीतरी ब्रश झटकल्यासारखे. मला वाटलं, तुझी आठवण येते आहे. गाडी येणार हे कळलं असावं, असंही वाटलं. हसू नकोस, एकट्या घरात माणसाला काहीही वाटतं. दोन दिवस मी त्याच्यापाशी बसून समजूत घालत होतो, "जायचंच आहे हो साहेब, थोडा धीर धरा." आणि खरं सांगायचं तर आतून मीच चिडलो होतो. म्हटलं, याचंही इथं मन रमलं नाही.

शेवटी खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उंच, घाईतल्या बाई आहेत, बोलताना चष्मा शोधतात आणि तो डोक्यावर असतो.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

"साहेब."

त्यांनी साहेबांचा मागचा पाय हलकेच उचलला. "याच्या जातीच्या नराला टाचेवर काटा असतो. इथं कुठाय? अहो, साहेब कसले, बाईसाहेब आहेत. आणि पोटात अंडी आहेत."

मी म्हटलं, "कसं शक्य आहे? घरात दुसरं कुणी येत नाही."

त्या हसल्या. "कोंबडी नाही का कोंबड्यावाचून अंडी देत? तसंच. पोकळ असतात, त्यातून काही निघत नाही. पण घालावी लागतात. माती किती घातली आहे खाली?"

"फरशी आहे. रोज पुसतो."

"पुसता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काळा पडलो. "तिला खणायचंय हो. भुयार करून, आत अंडी घालून, वरून माती लोटायची असते. तशी जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरेल, आणि त्यातच मरेल."

अति तिथे माती म्हणतात. इथं स्वच्छतेचं अति झालं, आणि मातीच तेवढी नव्हती.

आपण दोघं फसलो ते भाषेनं. पाल म्हटलं की ती, सरडा म्हटलं की तो. तू पहिल्यांदा इवलंसं पिल्लू आणलंस तेव्हा 'तो' म्हणालीस, मी साहेब म्हणालो, विषय संपला. पळून जायचंय म्हणून खरवडत नव्हती ती. जागा मागत होती.

मोठी खोल बादली आणली आहे. वाळू आणि माती मिसळून ओली केली, मुठीत दाबली तर गोळा राहील आणि बोटानं भोक पाडलं तर ढासळणार नाही इतपत. चौकटीच्या तळाची फरशी काढून ती बादली बसवली. बाईसाहेब उतरतात, कडेवर पाय ठेवतात, आणि परत वर जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि बघत बसू नका. कुणी बघतंय असं तिला दिसलं तर अर्धवट खणलेलं टाकून देईल. दोन-चार दिवसांत झालं नाही तर घेऊन या. पण तेव्हा माझ्याही हातात फारसं असेल असं नाही."

तुझं जनावर, तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. काही उरलंसुरलं सांगायचं असेल तर सांग.

काका

ता. क. ड्रायव्हरला जरा थांबव. या अवस्थेत तिला हलवता येणार नाही. हे निमित्त नाही. शपथेवर सांगतो, हे निमित्त नाही.


१९ मार्च

ए पोरी,

नाटकवाला आहे, शेवट शेवटीच सांगणार होतो. पण तू तिथे नखं खात बसली असशील, म्हणून आधीच फोडतो: बाईसाहेब सुखरूप आहेत. आता नीट बस आणि वाच.

बघत बसू नका असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी पडदा शोधायला निघालो. घरातल्या चादरी जाड, उजेड आणि वारा दोन्ही अडवणाऱ्या. मग तुझ्या आईची पेटी उघडली. तिच्यात तळाला आमच्या जुन्या प्रयोगातला जाळीचा पांढरा पडदा होता, तोच, जो तिनं हातानं दुमडून शिवला होता. टाके असे की मोजायला भिंग लागावं. तो चारी बाजूंनी चौकटीवरून सोडला.

या पडद्याची एक गंमत आहे. समोरून उजेड टाकला तर तो भिंत होतो, पलीकडचं काही दिसत नाही. समोर अंधार केला आणि पलीकडे दिवा लावला की तो विरघळतो. पलीकडचं सगळं दिसतं, पण पलीकडच्याला आपण दिसत नाही. स्वप्नातली माणसं आम्ही अशीच आणतो.

बाईसाहेबांचे दिवे आतच होते. मी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या आणि खुर्ची टाकून बसलो. ती मला स्वच्छ दिसत होती, मी तिला दिसणं शक्य नव्हतं. पडदा लावल्याचं पुण्यही मिळालं आणि बघायलाही मिळालं. मी आपला खूश. म्हटलं, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन असं लिहिलंय, ठेवायला नको?

ती उतरली. बादलीत पाय टाकला. थोडी माती उकरली. मग थांबली, आणि तिचा एक डोळा हळूहळू फिरत फिरत बरोबर माझ्या खुर्चीवर येऊन थांबला. पडद्यातून तिला काही दिसत नाही, हे मी कुणाशीही पैजेवर सांगेन. पण ती माती सोडून वर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्या डोळ्यांना खळगे पडले होते. मला भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की मी जास्तच टक लावून बघायचो.

त्यात तुझा फोन आला. केंद्रावरचा तो संकटकाळचा फोन तू यासाठी वापरलास हे तुझ्या साहेबांना, म्हणजे तिथल्या खऱ्या साहेबांना, कळलं नसेल अशी आशा करतो. किती खरखर होती. तू एका दमात बोलत होतीस. "काका, माती ओली आहे ना? पडदा लावलाय ना? मग उघडून बघू नकोस हं. अजिबात बघू नकोस. मला... मला आईच्या वेळी सगळे बघत होते ना, तसं नको तिला." आणि फोन तुटला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. आई गेली त्या दिवसांत तू स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचीस, आणि मी दर थोड्या वेळानं ते उघडून विचारायचो, "बरी आहेस ना? काही हवंय?" मग इतरही डोकवायचे. मला वाटायचं, काळजी घेतोय. तू डोंगरावर का गेलीस, ते मला त्या फोनवर कळलं. माझ्यावर रागावून नव्हतीस गेली. तुला रडायला जागा हवी होती.

खोलीत परत आलो. आता वकिली करायची तर करता आली असती; तू उघडून बघू नकोस म्हणालीस, मी उघडत कुठे होतो? पण मी टेबलावरचा दिवा उचलला, पडद्याच्या या बाजूला आणला आणि लावला. पडदा पांढरा झाला. भिंत झाली. आयुष्यभर लोकांना दिसावं म्हणून दिवे लावले, काही दिसू नये म्हणून लावलेला हा पहिलाच. तुझ्या आईचे टाके तेवढे दिसत होते, कडेनं, एकासारखा एक.

मग मी जमिनीवर बसलो आणि नुसतं ऐकलं. बराच वेळ फक्त थेंब. पानावर, दुसऱ्या पानावर. मग माती. आधी घाबरत, थांबत थांबत. मग एका लयीत, न थांबता. ऐकता ऐकता भिंतीला टेकून माझा डोळा लागला. स्वप्नात थिएटर होतं, रिकामं, तिसरी घंटा झालेली, आणि पडदा कुणीच उघडत नव्हतं. आत मशीन चालू होती. मी विचारलं, "आत कोण आहे?" तर तुझी आई आतून म्हणाली, "शिवू दे की जरा." आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

जागा झालो तेव्हा मातीचा आवाज थांबला होता. मी तरीही उठलो नाही. मग वरच्या अंगाला पानं हलल्याचा आवाज आला, आणि थेंबांचा आवाज बंद झाला. कुणीतरी ते पडण्याआधीच पीत होतं. तेव्हा पडदा बाजूला केला. बाईसाहेब वरच्या फांदीवर, धुऊन पिळून वाळत घातल्यासारख्या बारीक झालेल्या, फिक्या हिरव्या. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यानं मला खालून वर बघू दिलं. खाली माती लोटून इतकी सपाट केली होती, जणू इथे काही झालंच नाही. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "छान. आता खायला घाला."

तर ड्रायव्हरला यायला सांग. चौकट सुटी करून बांधून ठेवतो, बादलीही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, पण हे कुंपण गाडीत मावतं. एकच अडचण आहे. स्क्रू कुठले कुठे ते मिस्त्रींनी मला दाखवून ठेवलंय, आणि सकाळ कशी चढवायची ते मलाच येतं. ड्रायव्हरशेजारी एक जागा रिकामी असते असं ऐकलं. तू हो म्हणालीस तर मी येतो, जोडून देतो, एक सकाळ करून दाखवतो आणि परत येतो. दार लावून बसलीस तर बाहेर बसेन. ठोठावणार नाही.

तुझा
काका

ता. क. फोनवर तू 'बघू नकोस' म्हणालीस. 'बघू नका' नाही. दोनदा म्हणालीस, मी ऐकलं. घाईत तुझ्या लक्षात आलं नसेल. आलं असेल, तर दुरुस्त करू नकोस.